उणेपण न झाकणारा धुरीण : कर्मवीर भाऊराव पाटील

संस्था चालविणाऱ्या माणसाविषयी समाजात एक ठराविक कल्पना रूढ आहे. तो खंबीर असावा, त्याच्या चेहऱ्यावर काळजी उमटू नये, तिजोरीतील खडखडाट कार्यकारी मंडळाच्या बैठकीबाहेर ऐकू जाऊ नये, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. अहवालातील तूट मागच्या पानावर जाते आणि देणगीदारांची यादी पुढच्या पानावर येते. पुष्कळदा हे सद्हेतूनेच केले जाते. संस्थेवरचा लोकांचा विश्वास डळमळू नये, एवढीच त्यामागची भावना असते. मात्र दक्षिण महाराष्ट्रातील एका जैन शेतकरी घराण्यात जन्मलेल्या पुरुषाने याच्या अगदी उलट वाट धरली. त्याने आपली गरज, आपले अपुरेपण आणि संस्थेची रिकामी कोठी लोकांपासून दडवली नाही, आणि त्याच बळावर खेड्यापाड्यांत शिक्षणाचा वटवृक्ष उभा केला. कर्मवीर भाऊराव पाटील यांची पांढऱ्या शुभ्र दाढीची, धिप्पाड बांध्याची मूर्ती शाळाशाळांच्या भिंतीवरील तसबिरीतून सर्वांच्या परिचयाची आहे. त्यांच्या कार्याचा विस्तारही सर्वश्रुत आहे. त्या विस्तारामागे असलेला, अनेकदा रिक्तहस्त झालेला, खचलेला आणि तरीही ते मान्य करून पुढे गेलेला माणूस मात्र तसबिरीत सहसा दिसत नाही.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. बाहुबलीच्या डोंगरामुळे हे गाव सर्व जैन बांधवांना परिचित आहे. घराणे मूळचे सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीला होते आणि आई गंगाबाई धर्मशील वृत्तीच्या होत्या. वडिलांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे शिक्षण दहिवडी, विटे अशा निरनिराळ्या गावी तुकड्यातुकड्याने झाले. पुस्तकापेक्षा तालीम, पोहणे आणि मित्रमंडळी यांतच ते अधिक रमत. अन्याय दिसला की अंगाचा तिळपापड होणे हा त्यांचा लहानपणापासूनचा स्वभाव. विट्याच्या एका विहिरीवर अस्पृश्यांना पाणी मिळत नाही हे पाहून त्यांनी तेथील रहाट मोडून विहिरीत टाकल्याची हकीकत त्यांच्या प्रत्येक चरित्रात येते. हा संताप त्यांना जन्मभर सोडून गेला नाही. त्याने त्यांच्याकडून मोठी कामे करवून घेतली, तसे प्रसंगी त्यांना अडचणीतही आणले.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले आणि दिगंबर जैन बोर्डिंगात राहू लागले. अभ्यासात त्यांची प्रगती यथातथाच होती, आणि गणित तर त्यांना मुळीच साधले नाही. या मुलाला वरच्या वर्गात घालावे म्हणून छत्रपती शाहू महाराजांनी शब्द टाकला असता, याच्यापेक्षा तो बसतो त्या बाकाला वर चढवणे बरे, अशा अर्थाचे उत्तर गणिताच्या शिक्षकांनी दिल्याचे सांगतात. इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांचे शालेय शिक्षण गेले नाही आणि मॅट्रिकची पायरी त्यांना कधीच चढता आली नाही. पुढे ज्यांनी महाविद्यालये उभारली त्यांच्या आयुष्याची सुरुवात अशी अपयशाने झाली. विशेष म्हणजे हे अपयश त्यांच्या चरित्रातून कोणी पुसले नाही. गणिताच्या शिक्षकाची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या रयतच्या शाळांमध्ये हसत हसत सांगितली गेली.

याच काळात बोर्डिंगातून बाहेर पडण्याची वेळ त्यांच्यावर आली. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या उद्घाटनाला भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून मगच भोजनगृहात यावे, असे बोर्डिंगचे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे यांनी फर्मावले. भाऊरावांनी ते मानले नाही, आणि परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ही घटना जैन समाजाला सुखाची नाही, म्हणून अनेक लेखांत ती दोन ओळींत उरकली जाते. वास्तविक ती सविस्तर सांगण्याजोगी आहे. अण्णासाहेब लठ्ठे हे काही संकुचित वृत्तीचे गृहस्थ नव्हते. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. पुढे त्यांनी शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र लिहिले आणि १९३७ साली ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. असा सुविद्य माणूसही तत्कालीन रूढीच्या चौकटीबाहेर त्या दिवशी पाऊल टाकू शकला नाही, हे त्या काळाचे वास्तव होते. विशीतला एक विद्यार्थी मात्र अंथरूण-पांघरूण गुंडाळून रस्त्यावर आला. शाहू महाराजांनी त्याला आपल्या राजवाड्यावर आसरा दिला. दुसऱ्याच्या छपराखाली राहण्याचा हा अनुभव, आणि महाराजांच्या सहवासात पाहिलेली निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी काढलेली वसतिगृहे, या दोहोंचा ठसा त्यांच्या मनावर कायमचा उमटला.

१९०९ च्या सुमारास कुंभोजच्या लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. लक्ष्मीबाई सधन घरातील होत्या आणि सोवळे-ओवळे कसोशीने पाळत. पदरी पदवी नाही, स्थिर नोकरी नाही, अशा स्थितीत भाऊराव साताऱ्यास येऊन खाजगी शिकवण्या करू लागले. ज्याला स्वतःला शाळा पुरी करता आली नाही, त्याने दुसऱ्यांची मुले शिकवून चरितार्थ चालवावा, यातील विसंगती त्यांच्या लक्षात आली नसेल असे नाही.

१९१४ साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण गाजले. लठ्ठे यांचे त्या वेळी दरबाराशी बिनसले होते आणि संशयाची सुई त्यांच्याकडे वळवण्यात आली होती. भाऊरावांनी लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी, असा पोलिसांचा आग्रह होता. लठ्ठे म्हणजे सहा वर्षांपूर्वी ज्यांनी बोर्डिंगाबाहेर काढले तेच गृहस्थ. जुने उट्टे काढण्याची संधी आयती चालून आली होती, आणि साक्ष दिली असती तर छळही थांबला असता. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्यास नकार दिला. त्यांना अटक झाली, मारहाण झाली आणि तुरुंगात डांबण्यात आले. तेथील यातना असह्य होऊन त्यांनी स्वतःचे जीवन संपवण्याचा प्रयत्न केला. हा प्रसंग त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवला आहे, आणि तो वगळून त्यांची उंची कळत नाही. पोलादी पुरुष म्हणून ज्यांचे वर्णन होते ते एका क्षणी पूर्णपणे मोडून पडले होते. मोडून पडले तरी खोटे बोलले नाहीत. क्षमापनेच्या दिवशी वैरभाव सोडल्याचे आपण मुखाने म्हणतो. भाऊरावांनी ते तुरुंगात, मार खाताना आचरले. पुढे ज्या वसतिगृहात त्यांनी आपले आयुष्य ओतले, त्याला त्यांनी शाहू महाराजांचेच नाव दिले. ज्या राज्याच्या तुरुंगात हे सारे सोसले, त्याच राज्याच्या अधिपतीचे ऋण मानताना त्यांना अडचण वाटली नाही.

सुटकेनंतर त्यांनी किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून काम पत्करले. हा काळ चरित्रातून सहसा घाईने ओलांडला जातो. पण त्यांच्या नेतृत्वाची जडणघडण येथेच झाली, असे मानायला जागा आहे. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि किर्लोस्करांचे सुरुवातीचे नांगर खपायला मोठा अवधी लागला होता. अशा लोकांना माल विकायचा तर त्यांच्या ओसरीवर घोंगडीवर बसावे लागे, त्यांच्या घरची भाकरी खावी लागे, नकार ऐकून पुन्हा त्याच दारात जावे लागे. साताऱ्यापासून सांगलीपर्यंतची खेडी त्यांनी अशी पायांखाली घातली. कुणाच्या घरी बैलजोडी गहाण आहे, कुणाचा हुशार मुलगा शाळेऐवजी गुरांमागे आहे, हे त्यांना तोंडपाठ झाले. मागण्यासाठी दार ठोठावण्याची लाज येथे गळून पडली. पुढे शिक्षणासाठी मूठभर धान्य मागताना ज्या दारांशी ते गेले, ती दारे नांगर विकतानाच ओळखीची झाली होती.

१९१९ च्या सप्टेंबरात कराड तालुक्यातील काले येथे सत्यशोधक समाजाची परिषद भरली आणि बहुजनांच्या शिक्षणासाठी संस्था काढण्याचा विचार तेथे पक्का झाला. त्याच वर्षी ४ ऑक्टोबर रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. जवळ पैसा नव्हता, इमारत नव्हती, आणि संस्थापकाकडे पदवीही नव्हती. होते ते एक लहानसे वसतिगृह आणि सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे, एकत्र जेवावे हा निर्धार. पुढे १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलले.

दरम्यान किर्लोस्करांकडील काम सोडून भाऊराव धनजीशा कूपर यांच्या नांगरांच्या कारखान्याशी जोडले गेले. पाडळीजवळच्या, सातारा रोडच्या या कारखान्यासाठी त्यांनी आपली ओळख आणि पत पणाला लावली. नफ्याचा काही भाग शिक्षणकार्याला मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. ती सफल झाली नाही आणि संबंध विकोपाला गेले. भाऊराव कमालीचा संताप घेऊन तेथून बाहेर पडले. व्यवहारात कोण कितपत चुकले याचा निवाडा इतक्या वर्षांनी करणे उचित नाही. मात्र शिक्षणसंस्थेचा खर्च एखाद्या धनिकाच्या किंवा कारखान्याच्या नफ्यावर चालेल, ही कल्पना या अनुभवाने कायमची निकालात निघाली. एक मोठा आधार तुटला, तेव्हा भाऊराव हजारो छोट्या आधारांकडे वळले.

साताऱ्याचे वसतिगृह हे या वळणाचे फळ. धनिणीच्या बागेत मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी नाना जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसू लागली. खर्च भागवण्यासाठी मुष्टिफंडाची प्रथा सुरू झाली. घरातील बाईने दळण घेताना एक मूठ धान्य बाजूला काढावे आणि साठलेले धान्य वसतिगृहाला द्यावे, असा हा साधा प्रघात. धान्य किती जमले यापेक्षा त्यातून काय घडले हे महत्त्वाचे. ज्या माउलीने रोज एक मूठ काढली, तिला बोर्डिंग आपले वाटू लागले. संस्थेला गरज आहे हे तिला ठाऊक होते, कारण संस्थापकाने ते तिच्या दारात येऊन सांगितले होते. भाऊरावांनी संस्थेची बाजू भक्कम असल्याचे चित्र रंगवले असते, तर त्या मुठीला काही अर्थच उरला नसता.

वसतिगृहातील मुलेही या व्यवहारापासून दूर नव्हती. जी मुले स्वतः पाणी भरत, दळत, रांधत, भाजीपाला पिकवत, त्यांच्यापासून कोठीची स्थिती लपून राहणे शक्यच नव्हते. अण्णांच्या हाती आज काही नाही हे त्यांना कळत असे. त्याने त्यांचा अण्णांवरील विश्वास उणावला नाही; मुले अधिक कष्टाला लागली. वसतिगृहाचा हा कारभार शिस्तीचा होता, भाऊरावांचा धाकही मोठा होता, त्यांचा आवाज ऐकून मुले दचकत. तरीही धाक आणि दुरावा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याची प्रचिती त्या छपराखाली राहिलेल्यांना आली.

या साऱ्याचा सर्वांत जड भार कोणी वाहिला, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. लक्ष्मीबाई सोवळ्यात वाढलेल्या होत्या. सर्व जातींच्या मुलांचा संसार आपल्या चुलीभोवती मांडला जाणे त्यांना सुरुवातीला सोपे गेले नाही. हळूहळू त्या बदलल्या, मुलांच्या वहिनी झाल्या. आजारी मुलाच्या उशाशी बसल्या, परक्या लेकरांना त्यांनी पोटच्या मुलांसारखे जेवू घातले. मुलांच्या धान्यासाठी त्यांचे दागिने एकेक करून गेले. भाऊराव फिरतीवर असताना कोठीतले धान्य संपले, आणि गळ्यातील मंगळसूत्र काढून देऊन लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणाची तजवीज केली, ही कथा महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली आहे. ती ऐकताना डोळे पाणावतात आणि आपण पुढे जातो. परंतु एवढ्यावर थांबणे पुरेसे नाही. संस्थाप्रमुख जेव्हा स्वतःला उघडे, निराधार करून घेतो, तेव्हा तो पुष्कळदा घरच्या माणसांनाही निराधार करतो, आणि त्यांना त्याची निवड करण्याची मुभा असतेच असे नाही. भाऊरावांनी स्वतःसाठी जे व्रत घेतले, त्याचे उद्यापन लक्ष्मीबाईंच्या अंगावरील सोन्याने झाले. त्यांच्या त्यागाचा गौरव करायचा तर त्याची किंमतही मान्य करायला हवी. १९३० साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले. रयतेच्या संस्थेला बहर येण्याचे दिवस अजून पुढे होते. ते त्यांना पाहता आले नाहीत.

त्यापूर्वी, २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले होते आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले एकत्र राहतात, एकत्र जेवतात हे पाहून गांधीजींना समाधान वाटले. हा प्रसंग संस्थेच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिला गेला आहे. त्याने पैशाची अडचण मिटली नाही, मात्र लोकांच्या नजरेत संस्थेचे स्थान उंचावले.

पत्नीच्या निधनानंतर भाऊराव थांबले नाहीत. येरवड्याच्या करारानंतर, १९३२ मध्ये, पुण्यात युनियन बोर्डिंग सुरू झाले. १९३५ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय निघाले. नंतरच्या काळात डोंगराळ, दुर्गम खेड्यांत शेकडो व्हॉलंटरी शाळा उघडल्या गेल्या. १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, अशी साताऱ्यातील प्रगती झाली. कमवा आणि शिका ही योजना या संस्थांचा कणा होती. शेतात राबावे, दगड फोडावेत, इमारतीच्या बांधकामावर काम करावे आणि त्या मोबदल्यात शिकावे, अशी तिची रीत. गरिबीची लाज वाटावी अशी जी सामाजिक सवय होती, तिला या योजनेने मुळातच हात घातला. हाताला घट्टे पडलेला मुलगा आणि महाविद्यालयीन विद्यार्थी हे एकाच देहात नांदू लागले. येथेही प्रमुखाचे आचरणच आधी होते. अण्णा स्वतः घोंगडी पांघरून खेडोपाडी पायपीट करत, म्हणूनच मुलांना डोक्यावर पाटी घेण्यात कमीपणा वाटला नाही.

संस्था वाढू लागली तसा आणखी एक प्रश्न उभा राहिला. महाविद्यालये चालवण्यासाठी लागणारी विद्या संस्थापकाजवळ नव्हती. अनेक संस्थांत या टप्प्यावर संस्थापक आणि शिकलेले सहकारी यांच्यात ताण निर्माण होतो. संस्थापकाला आपले न्यून झाकण्यासाठी अधिकार गाजवावा लागतो आणि शिकलेली माणसे निघून जातात. भाऊरावांनी आपल्याच वसतिगृहात वाढलेल्या मुलांना उच्च शिक्षणासाठी पाठवले, आणि ती परत आल्यावर जबाबदारीची पदे त्यांच्या हाती दिली. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे त्याचे ठळक उदाहरण. रयतच्या छत्राखाली वाढलेला हा विद्यार्थी विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतला, साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजचा प्राचार्य झाला, आणि पुढे शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत पोहोचला. अल्प वेतनावर संस्थेला जीवन वाहणाऱ्या आजीव सेवकांची परंपराही याच विश्वासातून उभी राहिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाने पदवीधरांवर विसंबून राहावे, आणि हे विसंबणे सर्वांना दिसावे, यात त्यांना कधी मानहानी वाटल्याचे दिसत नाही. पत्नीची आठवणही त्यांनी अशाच उपयोगात गुंफली; लक्ष्मीबाईंच्या नावाने विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी निधी उभा राहिला.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने १०१ माध्यमिक शाळा काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. नेमके त्याच काळात संस्थेवर मोठे गंडांतर आले. त्यांच्या भाषणातील सरकारवरील टीकेचे निमित्त होऊन १९४८ मध्ये मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान रोखले. संस्थेचा पसारा आता एका वसतिगृहापुरता उरला नव्हता. शिक्षकांचे पगार, मुलांचे जेवण, बांधकामे, सारेच अडले. येथेही भाऊरावांपुढे दोन मार्ग होते. गुपचूप दिलगिरी व्यक्त करून प्रकरण मिटवणे हा एक, आणि संस्थेची कोंडी लोकांसमोर मांडणे हा दुसरा. त्यांनी दुसरा पत्करला. शिक्षकांनी पगाराविना काम चालू ठेवले, सामान्य माणसांनी यथाशक्ती मदत केली. गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे रयतसाठी रदबदली केली, आणि अखेर अनुदान पुन्हा सुरू झाले. हा सारा प्रकार भाऊरावांच्या फटकळपणामुळे ओढवला, असे म्हणणारेही त्या वेळी होते, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. एका माणसाच्या जिभेची किंमत शेकडो शिक्षकांच्या चुलींनी मोजावी का, हा प्रश्न रास्त होता. तरीसुद्धा त्या शिक्षकांनी संस्था सोडली नाही. ज्याने आजवर आपल्यापासून काही लपवले नाही, त्याच्या चुकीसकट त्याला सांभाळून घ्यायला ते तयार होते. पंचवीस-तीस वर्षे कोठीचे दार उघडे ठेवल्यामुळे जमा झालेली पुंजी त्या वर्षी कामी आली.

गाडगेबाबांचे ऋण संस्थेने विसरले नाही. १९५४ साली कराडला निघालेल्या महाविद्यालयाला सद्गुरु गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले. अक्षरओळख नसलेल्या संताचे नाव महाविद्यालयाला देणे, ही मॅट्रिक न झालेल्या संस्थापकालाच सुचू शकणारी गोष्ट होती. संस्थेच्या वास्तूंना शाहू, सयाजीराव, शिवाजी, गांधी, आझाद अशी नावे मिळाली. ज्यांच्यापासून काही घेतले त्यांच्या नावे ते ऋण मांडून ठेवायचे, अशी ही पद्धत होती.

अखेरच्या वर्षांत हृदयविकाराने त्यांना ग्रासले. एकेकाळी तालमीत घुमणारे शरीर थकले, फिरती कमी झाली, आणि इतरांच्या खांद्यावर हात ठेवून चालण्याची वेळ आली. तोपर्यंत शंभरावर माध्यमिक शाळा, अध्यापक विद्यालये, वसतिगृहे आणि तीन महाविद्यालये असा संस्थेचा विस्तार झाला होता. १९५९ च्या प्रजासत्ताकदिनी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण जाहीर केले. त्याच वर्षी ५ एप्रिलला पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही सन्माननीय पदवी दिली. शाळेत ज्याला वर चढवण्यास शिक्षकांनी नकार दिला होता त्याच्या हाती आलेली ही पहिली आणि एकमेव पदवी. त्यानंतर जेमतेम महिन्याभराने, ९ मे १९५९ रोजी, पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांचे देहावसान झाले. साताऱ्यात, शाहू बोर्डिंगच्या परिसरात, त्यांची समाधी आहे. ज्या बागेत एकेकाळी सांजेच्या दळणासाठी धान्य कोठून आणावे याची विवंचना होती, तेथूनच पुढे संस्थेचा कारभार चालत राहिला, आणि २०१९ साली रयत शिक्षण संस्थेने शंभर वर्षे पूर्ण केली.